माळ्यावरच्या चादरी

३ एप्रिल

निवेदिताला आज दवाखान्यातून घरी आणलं. खुर्चीत बसवून जिना चढवला. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं शेजारचे वीरभद्रप्पा, मागून ॲम्ब्युलन्सचा माणूस. ती खुर्चीतून म्हणते, "अहो, गणपतीसारखं वर चढवताय, मोरया तरी म्हणा." अप्पा हसले. मला हसू आलं नाही, मला जिन्याची कड दिसत नव्हती.

निघताना डॉक्टर म्हणाले, "आता इथं ठेवून उपयोग नाही. घरी न्या. जेवढं सुखात ठेवता येईल तेवढं ठेवा. उन्हाळा कडक आहे, उकाड्यापासून जपा." मग ते वैदेहीला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होते. लेकीशी काय बोलले ते मी विचारलं नाही. उकाड्याचं तेवढं पक्कं ध्यानात ठेवलंय. आजाराचं नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय.

आता उकाड्यापासून जपायचं म्हणजे कसं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांच्या घराला स्लॅब असणार. आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घराला वर पत्रा. पत्र्याखाली माणूस रांगेल एवढा माळा, माळ्याखाली प्लायवूडचं छत आणि छताखाली आमची खोली. खालच्या मजल्यावर दुकान आहे, तिथं बारा महिने गारवा, पण ते आपलं नव्हे. दुपारी मी स्टुलावर चढून छताला हात लावला. तव्यावर ठेवल्यासारखा लगेच काढून घेतला.

६ एप्रिल

वैदेही चार दिवस राहून पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, एसी बसवून घ्या." वायरमन येऊन गेला. म्हणाला, घरातली वायर जुनी आहे, एसीचा भार सोसणार नाही, सगळं घर फोडावं लागेल. आणि दवाखान्यातल्या एसीनंच हिचा खोकला वाढला होता. मग कूलर लावून पाहिला. तासाभरात खोली अशी दमट झाली की हिला श्वास ओढता येईना. बंद केला. पुण्याला न्यावं तर डॉक्टर म्हणतात प्रवास झेपणार नाही, आणि निवेदिता म्हणते, "मी इथून हलणार नाही." आमच्या घरात ठाम तेवढी तीच.

अप्पा जन्मभर गिरणीत मागावर उभे राहिलेले. उष्णतेचं त्यांना काही वाटत नाही. म्हणाले, "पत्रा हाय तो तापणारच. एन माडोदु, गोपाळराव?" काय करणार, या अर्थानं ते हे दिवसातून दहादा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते मनापासून पटतं. हेडक्लार्कच्या खुर्चीवर आयुष्य काढलं. कुठल्या फायलीचं काही होणार नाही, हे वरच्या पानावरनं कळायचं मला. या पत्र्याचंही काही होणार नाही.

तरी उद्या चुना आणतो.

९ एप्रिल

पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले. चुन्यात फेव्हिकॉल घातला म्हणजे तो पावसापर्यंत टिकतो म्हणे. उन्हं वर यायच्या आत उतरायचं ठरवलं होतं. उतरेपर्यंत गुडघे भाजले.

फरक पडला. छताला आता हात टेकवून ठेवता येतो. पण भिंतीवर लावलेला तापमापक दुपारी अडतिसाच्या खाली यायला तयार नाही. बाहेर बेचाळीस. बेचाळिसात तळायच्या ऐवजी अडतिसात भाजायचं, एवढीच सुधारणा.

संध्याकाळी निवेदितानं माझे चुन्यानं उललेले हात पाहिले. म्हणाली, "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि यात म्हैस मीच, नाही का?" बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली. हसताना खोकला आला. मग म्हणाली, "बसा जरा इथं." म्हटलं, आलोच, हात धुऊन. हात धुताना आठवलं की शिडी गच्चीवरच राहिलीय. ती आणून ठेवेपर्यंत तिचा डोळा लागला होता.

१३ एप्रिल

आजचा दिवस वाईट.

दुकानदार म्हणाला, माळ्यात ग्लासवूल अंथरा. काचेची लोकर असते ती, गाद्यांसारख्या गुंडाळ्या मिळतात. थिएटरात, हॉस्पिटलात हेच वापरतात म्हणाला. हॉस्पिटल म्हटल्यावर मी घेऊन आलो. तोंडाला रुमाल बांधून दोन दिवस माळ्यावर रांगलो. हातमोजे घालायचे असतात, हे अंगभर खाज सुटल्यावर कळलं.

दुपारी केराबाईनं हाक मारली. ही वेळापूरकडची, निवेदिताचं सगळं करायला दिवसभर असते. हात खरबरीत, पण निवेदिताला उचलताना पाहावं, लेकराला उचलावं तशी उचलते. म्हणाली, "काका, जरा खाली या. काकूच्या उशीवर काय तरी चमकाय लागलंय बगा."

प्लायवूडच्या सांध्यांतून काचेचा भुगा खाली गळत होता. उशीवर, चादरीवर, तिच्या केसांत. मी वर रांगत होतो आणि ती खाली ते श्वासातून घेत होती. संध्याकाळपर्यंत खोकत होती.

सांधे आधी बुजवायला हवे होते. खाली प्लास्टिक अंथरायला हवं होतं, तिला पुढच्या खोलीत हलवायला हवं होतं. हे सगळं मला आता सुचतंय. सगळी लोकर गुंडाळून परत केली. दुकानदारानं घेतली, तोंड वाकडं करून.

तिला उकाड्यापासून जपायचं सोडून मी तिला काच खाऊ घातली. माझ्या हातून आता काही होणार नाही.

१९ एप्रिल

सहा दिवस काही केलं नाही. नुसता तापमापक बघतो. निवेदिताला जेवण जात नाही. दोन चमचे ताक, तेही केराबाईच्या आग्रहानं. उन्हाळ्यात कुणालाच जेवण जात नाही, मलाही जात नाही. तिच्या पायांवर सूज आहे. केराबाई काशाच्या वाटीनं तळपाय चोळते, उष्णता उतरते म्हणून. तेवढा वेळ तिला बरं वाटतं.

आज माळ्यावर सांधे बुजवायला गेलो आणि कोपऱ्यातल्या ट्रंका दिसल्या. सोलापुरात कुठलाही माळा उघडा, चादरी निघणारच. लग्न असो, बारसं असो, निवृत्ती असो, हातात चादर पडते. हिनं शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. मी ऑफिसात दर समारंभाला पुढच्या रांगेत. वापरून वापरणार किती? सगळ्या घडीच्या घडी पडून आहेत, टॉवेल वेगळेच.

एकदम डोक्यात आलं, हेच अंथरावं. सुती, जाड, ना खाज, ना भुगा. थंडी अडवते ती चादर ऊनही अडवणारच की.

२० एप्रिल

सगळ्या चादरी खाली आणून गच्चीवर ऊन दाखवलं, झटकल्या, मग निवेदिताच्या पलंगाशेजारी रचल्या. ती उशीला टेकून बसली आणि एकेकीवर हात ठेवून सांगायला लागली. ही वैदेहीच्या बारशाची. ही तुमच्या साहेबांच्या निरोपाची, साहेब रडले होते बघा. ही चौथीच्या मुलांनी वर्गणी काढून दिली, रंग विटका निघाला पण मी वर्गात कधी कळू दिलं नाही. केराबाई काम सोडून ऐकत बसली. निवेदिताच्या चेहऱ्यावर रंग आला होता. इतकं ती महिन्याभरात बोलली नव्हती.

मला घाई होती. ऊन उतरल्यावरच माळ्यावर काम करता येतं, आणि अंधार पडला की दिसत नाही. मी एकेक गठ्ठा उचलायला लागलो. ती म्हणाली, "सावकाश हो, माझं सांगून तरी होऊ द्या." म्हटलं, उद्या सांग, मी कुठं पळून चाललोय.

सगळ्यात खाली मोराची चादर निघाली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली. लाल जमिनीवर हिरवे मोर, अजून तशीच्या तशी. जत्रेत थंडी मी म्हणत होती, आम्ही दोघं ती एकच चादर पांघरून शोभेचं दारूकाम बघत उभे होतो. निवेदिता म्हणाली, "ही वर नेऊ नका. मला लागेल."

"सोलापुरात, एप्रिलात? चादर लागेल?"

"लागेल," म्हणाली.

हट्ट आहे झालं. ती झोपल्यावर मी ती चादर वर नेली. सगळ्यांत जाड तीच, म्हणून चौपदरी करून बरोबर तिच्या पलंगाच्या वर अंथरली. शेवटी तिच्याचसाठी आहे ना.

२२ एप्रिल

माळाभर चादरी अंथरून झाल्या. माळ्याच्या दोन्ही कडांना वाऱ्यासाठी जाळ्या आहेत, त्यांत टॉवेल कोंबून झळही बंद केली.

दुपारी तापमापक चौतिसावर. माझा विश्वास बसेना. काच पुसून पुन्हा पाहिलं. चौतीसच.

२३ एप्रिल

जास्त शहाणपणा केला की असं होतं. काल दुपारी गार, पण सूर्य मावळल्यावर खोलीचा पारा उतरेचना. बाहेर वारा सुटला, गल्लीत लोक ओट्यावर येऊन बसले, आणि आत चुलीवरचं भांडं झाकून ठेवावं तसा उबारा. सकाळी वर गेलो तेव्हा उमगलं. जाळ्या मीच बुजवलेल्या. पत्र्याखाली साचलेली धग जाणार कुठून? टॉवेल उपसून काढले.

तेवढ्यात खालून केराबाई ओरडली, "काका, काय तरी जळाल्यागत वास येतोय." पंख्याच्या वायरीचा सांधा दोन चादरींखाली दडपला होता. वरची पट्टी वितळून कापडाला चिकटलेली, कापड तपकिरी पडलेलं. खाली उतरून मेन बंद केला, पुन्हा वर आलो. अजून थोडा वेळ गेला असता तर? वर सगळं सूतच सूत आणि खाली ती, स्वतःच्या पायांनी उठू न शकणारी. मी माळ्यावर बसून राहिलो. केराबाईनं दोनदा विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

वायरमननं सांधा नवा केला, डब्यात घातला, भोवती विटांची चौकट करून घेतली. चादर वायरीपासून हातभर लांब ठेवायची, म्हणून बजावून गेला. आता सगळीकडून पाहिलंय. वर पत्र्याखाली मोकळी जागा, दोन्ही बाजूंनी वारा, वायरी उघड्या. खोली दुपारीही उतरली आणि संध्याकाळीही.

वैदेहीला फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. ती ऐकून घेते. शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही आईजवळ बसता का?" म्हटलं, तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आमरस केला. केराबाईनंच केला, मी आंबे पिळले. निवेदितानं एक चमचा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "छान आहे." दुसरा चमचा नको म्हणाली. वाटी मीच संपवली. गोड लागली नाही.

बाहेर त्रेचाळीस, आत तेहतीस. अप्पांना बोलावून दाखवलं. ते तापमापकाकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते. जाताना जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. एन माडोदु म्हणाले नाहीत.

५ मे

डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन गेले. आता एक दिवसाआड येतील. निवेदिता जवळजवळ सगळा वेळ झोपते. घरी आणली तेव्हा उकाड्यानं रात्र रात्र तळमळायची, आता बिचारीला शांत झोप लागते. खोली गार झाल्याशिवाय का अशी झोप लागेल?

असं लिहिलं खरं. डॉक्टरांना जिन्यात गाठून विचारलं, "खोली गार ठेवलीय, आता सुधारणा दिसेल ना?" ते म्हणाले, "खोली फार छान ठेवलीय तुम्ही." मी खोलीचं विचारलं नव्हतं. पण पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

जाळीजवळ कबुतरानं काड्या आणल्यात, त्या काढायला हव्यात.

७ मे

दुपारी ती जागी होती. मी शिडी घेऊन निघालो होतो. म्हणाली, "तुम्ही माळ्यावर रांगता ना, ते मला खाली ऐकू येतं. कुठं आहात ते कळतं. आता डोक्यावर आले, आता पायाशी गेले." मी म्हटलं, त्रास होत असेल तर थांबवतो. म्हणाली, "नाही हो. सोबत वाटते."

मला आनंद झाला. तिला बरं वाटावं म्हणून मी कबुतराच्या काड्या काढून झाल्यावरही तासभर वर फिरत राहिलो.

९ मे

आज लिहायलाच हवं.

दुपारचे तीन. बाहेर रस्त्यावर कुत्रं नाही. पेपरात चव्वेचाळीस छापलंय. मी तापमापकाची काच पुसत होतो आणि मागून निवेदिता म्हणाली, "अहो, थंडी वाजतेय."

मी म्हटलं, काय?

"थंडी वाजतेय. चादर द्या."

सोलापुरात, मे महिन्यात, पत्र्याच्या घरात माझ्या बायकोला थंडी वाजली. काहीही होणार नाही असं मीच या वहीत किती वेळा लिहिलंय. फायलीचं निदान पहिल्यांदा चुकलं माझं. तापमापकात तेहतीसच दिसत होतं, पण काचेचं काय खरं मानायचं? माणसाच्या अंगाला कळतं ते खरं.

लगेच वैदेहीला फोन लावला. "अगं, तुझ्या आईला थंडी वाजतेय," म्हटलं. कधीपासून, तिनं विचारलं. मग म्हणाली, "बाबा, मी आत्ता निघते." म्हटलं, एवढ्या उन्हाची कशाला निघतेस, चार दिवसांनी ये, आता काळजीचं कारण नाही. तर रडायला लागली. पोर हळवी आहे, एवढ्याशानं आनंदानं रडते.

निवेदिता म्हणाली, "मोराची द्या." माझी मान खाली गेली. म्हटलं, आणतो. शिडी लावली. केराबाईनं काशाची वाटी बाजूला ठेवून सुंठेची पूड तिच्या तळपायांना चोळायला घेतली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, चादर मी काडते. तुमी हितं बसा की. हितं, काकूजवळ." म्हटलं, तुला वायरी कुठून गेल्यात ते माहीत नाही. आलोच मी.

वर गेलो. बाकीच्या चादरी न विस्कटता ती एकच ओढून काढणं सोपं नव्हतं. बाहेर आणली तेव्हा पत्र्याच्या धगीनं ती चांगलीच ऊन झाली होती. तशीच तिच्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत. तिनं दोन्ही हात आत घेतले. "ऊबदार आहे," म्हणाली. मी पायाशी बसलो. पाय हातात घेतले तर बर्फासारखे गार. मनात आलं, खोली एवढी गार करणं मला जमेल असं कधी वाटलं नव्हतं.

ती म्हणाली, "आता वर जाऊ नका." म्हटलं, नाही जात.

ती झोपलीय. शेजारी बसूनच लिहितोय. पलंगाच्या बरोबर वर मोराच्या चादरीएवढी जागा आता उघडी पडलीय, तिथून झळ उतरेल. उद्या तिथं दुसरी काहीतरी घालायला हवी.

२६ मे

मोराची चादर तिच्याबरोबर गेली. अंगावरून काढायला केराबाईनं हात पुढं केला, तर वैदेही म्हणाली, राहू दे.

तेरावं झालं, वैदेही गेली. जाताना तिनं शिडी चढून माळ्यावरच्या चादरींतली ती उघडी जागा पाहिली. म्हणाली, "बाबा, बुजवून घ्या, बाकी खोली किती छान गार केलीत तुम्ही." अप्पाही दोन चादरी घेऊन आले होते. मी ठेवून घेतल्या, अंथरल्या नाहीत.

दुपारी तेवढ्या जागेतून धग सरळ पलंगावर उतरते. मी तिथंच, तिच्या जागेवर, आडवा होतो. अंग भिजून जातं. केराबाई अजून येते, नको म्हटलं तरी दोन भाकरी थापून जाते. आज म्हणाली, "काका, पंखा तरी लावा." नको म्हटलं. छताकडे कान लावून पडलो होतो. वर काहीच वाजत नाही.